रविवारी मुलांना घेऊन मुंबईत फिरायचंय? घरातून निघण्याआधी हे पाहून घ्या

मे महिन्याची सुट्टी. डोंबिवली किंवा वसईहून निघालेलं एखादं कुटुंब दोन गाड्या बदलून भायखळ्याला उतरतं. पेंग्विन बघायचे म्हणून धाकटी सकाळपासून उड्या मारतेय. उन्हातून चालत राणीच्या बागेच्या दारापाशी पोहोचल्यावर कळतं, आज बुधवार. बाग बंद.

मुंबईत मुलांना घेऊन निघालेल्यांच्या वाट्याला असा दिवस कधी ना कधी येतोच. कधी फाटक बंद असतं, कधी मेगाब्लॉक असतो, कधी समुद्राला भरती असते. सगळं जुळून आलं तरी चौथ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत मुलं रडकुंडीला येतात आणि मोठे एकमेकांवर चिडतात. मग पुढच्या रविवारी 'नको ती कटकट' म्हणत मंडळी जवळच्या मॉलमध्ये जातात.

खरं तर मुंबईत मुलांना दाखवण्यासारखी कमी खर्चाची ठिकाणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक लोकलच्या स्टेशनपासून जवळ आहेत. तरीही दिवस बिघडतो, कारण बेत आखताना फक्त ठिकाण ठरवलं जातं. वार, गाडी, ऊन, भरती आणि मुलाचं वय या पाच गोष्टी नंतर आठवतात. त्या आधी पाहिल्या तर तेच ठिकाण, तेवढ्याच पैशांत, खूप वेगळा दिवस देऊ शकतं.

आधी वार, मग ठिकाण

मुंबईतल्या प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार वेगळा आहे. ढोबळ नियम असा, की बरीच ठिकाणं सोमवारी बंद असतात आणि भायखळ्यातली बुधवारी.

सोमवारी बंद: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याच्या आत असलेली कान्हेरी लेणी, घारापुरीची लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण.

बुधवारी बंद: भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिला लागूनच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग साधारणपणे सुरू ठेवली जाते आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंद असते. त्यामुळे अशा आठवड्यात गुरुवारचा बेत करणारे फसतात.

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस खुलं असतं. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ते बंद असतं. म्हणजे आई-बाबांना हमखास सुट्टी असते नेमके तेच दिवस. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र होळी आणि दिवाळीचे दिवस वगळता जवळपास वर्षभर सुरू असतं, म्हणून आयत्या वेळी बेत बदलायचा झाला तर ते सगळ्यात भरवशाचं.

दुसरी गोष्ट तिकीट खिडकीची. फाटक बंद होण्याची वेळ आणि तिकीट खिडकी बंद होण्याची वेळ एकच नसते. बहुतेक ठिकाणी खिडकी पाऊण तास ते तासभर आधी बंद होते. 'सहापर्यंत उघडं आहे, पाचला पोहोचू' हा हिशेब म्हणूनच अंगाशी येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे, आई-बाबांच्या लहानपणीची मुंबई आता तशी राहिलेली नाही. १९८९ मध्ये सुरू झालेलं गोराईचं एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. मरीन ड्राइव्हवरचं १९५१ चं तारापोरवाला मत्स्यालयही काही वर्षांपासून प्रेक्षकांसाठी बंद आहे. मुलाला कबूल करण्याआधी ठिकाण सध्या सुरू आहे का, एवढं फोन करून किंवा त्या संस्थेच्या अधिकृत पानावर पाहून घेतलेलं बरं. मोठी माणसं 'पुढच्या वेळी' म्हणून विसरून जातात, मुलं विसरत नाहीत.

रविवारचा मेगाब्लॉक

नोकरदार घरांना रविवारच मिळतो आणि रेल्वेलाही रूळ, सिग्नल आणि वीजतारांच्या दुरुस्तीसाठी रविवारच मिळतो. मध्य रेल्वेवर मुख्य मार्ग आणि हार्बर मार्गावर रविवारी साधारण सकाळी अकराच्या सुमारास ब्लॉक सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो. मुख्य मार्गावर तो बऱ्याचदा माटुंगा ते मुलुंड या पट्ट्यात असतो. पश्चिम रेल्वेवर अशाच कामाला 'जम्बो ब्लॉक' म्हणतात.

ब्लॉक म्हणजे गाड्या पूर्ण बंद, असं दर वेळी नसतं. मुख्य मार्गावर बहुधा फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात किंवा स्लो गाड्या फास्टवर. स्लो गाड्या फास्ट मार्गावर गेल्या की मधल्या काही स्टेशनांवर त्या थांबतच नाहीत. हार्बरवर मात्र ठरावीक पट्ट्यात सेवा पूर्ण बंद ठेवण्याची वेळ येते. शिवाय रविवारी एरवीही गाड्या कमी असतात. त्यामुळे अर्ध्या तासाचा प्रवास सव्वा तासाचा होतो आणि तोही उभ्याने.

उपाय सोपा आहे. ब्लॉकचं वेळापत्रक रेल्वे शुक्रवार-शनिवारपर्यंत जाहीर करते, वर्तमानपत्रांतही ते छापून येतं. शनिवारी रात्री ते बघायचं. आपल्या मार्गावर ब्लॉक असेल तर दहाच्या आत इच्छित स्टेशनवर उतरायचं आणि परतीची गाडी चारनंतर धरायची. किंवा मग रुळांवर अवलंबून नसलेलं जवळचं ठिकाण निवडायचं.

मेट्रोमुळे हा प्रश्न काही भागांत हलका झालाय. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो २०१४ पासून पूर्व-पश्चिम जोडते. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर २७ स्टेशनं आहेत. त्यातलं एक नेहरू विज्ञान केंद्राजवळ आहे, तर सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट या स्टेशनांमुळे फोर्टचा परिसरही तिच्या टप्प्यात आलाय. लहान मुलाला घेऊन जिने चढता-उतरताना लिफ्ट आणि सरकते जिने असलेलं स्टेशन किती उपयोगी पडतं, हे बाळगाडी उचलून दादरचा पूल चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एक दिवस, एक ठिकाण

बेत फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे यादी. 'एवढं लांब जातोच आहोत तर गेटवेही करू, म्युझियमही करू, चौपाटीही करू.' मोठ्यांच्या डोक्यात हा पैसे वसूल होण्याचा हिशेब असतो. मुलाच्या पायांत तेवढं बळ नसतं.

वयाप्रमाणे ढोबळ अंदाज असा धरता येतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी दीड-दोन तासांचं एक ठिकाण पुरे होतं, आणि ते दुपारच्या झोपेच्या आधी आटोपलेलं बरं. चार ते सात वर्षांच्या मुलांना दोन-तीन तास चालतात, पण मध्ये मनसोक्त पळायला मोकळी जागा लागते. आठच्या पुढची मुलं अर्धा दिवस सहज रमतात, फक्त काय बघायचं हे ठरवण्यात त्यांनाही विचारलेलं असावं. घरात दोन वयाची मुलं असतील तर वेळेचा हिशेब धाकट्याचा धरायचा आणि ठिकाण थोरल्याला आवडेल असं घ्यायचं. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांचे गुडघे आणि नातवंडाचे पाय साधारण एकाच वेळी थकतात, त्यामुळे हा हिशेब त्यांनाही लागू पडतो.

दुसरं ठिकाण जोडायचंच असेल तर ते पहिल्याला लागून असावं. त्यासाठी परत गाडी किंवा टॅक्सी करावी लागत असेल तर ते पुढच्या महिन्यावर टाकावं.

कुठे जायचं: स्टेशननुसार सहा अर्धे दिवस

भायखळा. राणीची बाग १८६० च्या दशकापासून मुंबईकरांची आहे. पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना बघता येऊ लागले. सुट्टीच्या दिवशी आधी पेंग्विनची रांग उरकावी, कारण अकरानंतर ती वाढत जाते. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात १८७२ पासूनचा ठेवा आहे. तिथली जुन्या मुंबईची छोटी मातीची माणसं आणि नमुने मुलांना आवडतात. बाहेर दोन गोष्टी आवर्जून दाखवाव्यात. घारापुरीला ज्याच्यावरून 'एलिफंटा' हे नाव पडलं तो दगडी हत्ती इथे उभा आहे. आणि ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो घोड्यावरच्या राजाचा पुतळाही १९६५ मध्ये फोर्टमधून इथेच आणला गेला.

बोरिवली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एवढं मोठं जंगल शहराच्या हद्दीत असणं ही जगातही विरळ गोष्ट आहे. कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी मुख्य दारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. हे अंतर मुलांसह पायी जाऊन-येऊन होणारं नाही, म्हणून आत जायला वाहनाची काय सोय आहे ते दारातच विचारावं. लेण्यांशेजारी खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या मुलांना नक्की दाखवाव्यात. पावसाचं पाणी साठवण्याची ही व्यवस्था जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. इथली माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ बाहेर काढायचा नाही. उद्यानात प्लॅस्टिकलाही मनाई आहे.

फोर्ट. छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. २०१९ पासून त्याच्या आवारात मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय आहे. मोठं संग्रहालय एका दिवसात संपवायचा प्रयत्न करू नये. मुलाला दोन दालनं निवडू द्यावीत, उदाहरणार्थ प्राणी-पक्ष्यांचं आणि शस्त्रांचं. परतताना सीएसएमटी ते एनसीपीए या ११५ क्रमांकाच्या मार्गावर बेस्टची विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची सीट धरावी. अनेक मुलांसाठी दिवसातला सगळ्यात आवडता भाग तोच ठरतो.

वरळी. नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं. इथे 'हात लावू नका' ही पाटी कमी आणि दांडा फिरवून, बटण दाबून बघायच्या गोष्टी जास्त. बाहेरच्या विज्ञान उद्यानात वाफेचं इंजिन आहे आणि मुंबईची जुनी ट्रामही. शहरातली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, हे आजोबांनी तिथे उभं राहून सांगितलं तर ऐकायला जास्त मजा येते.

सायन. धारावी आणि मिठी नदीच्या मधोमध ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी ही शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. १९८३ मध्ये तिथे झाडं लावायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. फुलपाखरं, पक्षी, गर्द सावली आणि कमी गर्दी. लहान मुलांसह सकाळचे दोन तास काढायला फार चांगली जागा.

ग्रँट रोड किंवा चर्नी रोड. इथून टॅक्सी किंवा बसने मलबार हिलला जाता येतं. कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट तीन पिढ्यांच्या फोटोंमध्ये आहे. त्याच टेकडीवर ३० मार्च २०२५ पासून झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग सुरू झालाय. भारतीयांसाठी तिकीट २५ रुपये ठेवलं गेलं आणि एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते. आयत्या वेळी गेलं तर परत यावं लागू शकतं.

समुद्राचं वेळापत्रक वेगळं

चौपाटी कधीच बंद नसते, असा समज आहे. प्रत्यक्षात समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मागच्या रविवारी संध्याकाळी मिळालेली लांबरुंद वाळू या रविवारी पाण्याखाली असू शकते. हाजी अलीला जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, हे मुंबईकरांना माहीत असतं. तोच नियम वांद्रे बँडस्टँडच्या खडकांना लागू आहे. तिथे ओहोटीला पुढे गेलेली माणसं पाणी चढल्यावर अडकतात.

मुलांसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा तास, पावसाळा सोडून. खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, शंख आणि छोटे मासे दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून अशा किनारा-भटकंत्या घेतोय. हात न लावता, जीव न उचलता कसं बघायचं, हे तिथे मुलांना शिकवलं जातं.

पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरवू नये. लाटांचा जोर हे एक कारण. दुसरं म्हणजे जुहूसारख्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत निळ्या फुग्यासारखे दिसणारे 'ब्लू बॉटल' वाहून येतात. ते वाळूवर पडलेले असतानाही चावा घेतल्यासारखी आग करतात. मूल नेमकं तेच उचलायला धावतं.

घारापुरीला जायचं तर गेटवेवरून लाँचने सुमारे तासभर लागतो आणि वर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर बोटीत लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती करण्यात आली. मुलासह बोटीत बसताना दोन गोष्टींत तडजोड करू नये. मुलाच्या मापाचं जॅकेट मिळालं पाहिजे, आणि ते बोट सुटण्याआधी अंगात घालून बांधलेलं असलं पाहिजे. मापाचं जॅकेट नसेल किंवा बोट खच्चून भरलेली दिसत असेल तर पुढच्या बोटीची वाट बघावी.

कोणत्या महिन्यात काय

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे मुंबईत भटकण्याचे खरे महिने. जंगल, लेणी, बोट, किनारा, सगळं याच काळात करून घ्यावं. ठाणे खाडीत फ्लेमिंगोही साधारण याच सुमारास यायला लागतात आणि मेपर्यंत दिसतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून त्यांना बघायला बोट सुटते. तिची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी चौकशी हवीच.

मार्च ते मे म्हणजे उन्हाची सुट्टी. या दिवसांत बाहेरचं ठिकाण सकाळी उघडतानाच गाठावं आणि अकरा-साडेअकराला आवरतं घ्यावं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे मूल तापतं लवकर आणि सांगतं उशिरा. मूल एकदम गप्प झालं, चिडचिड करू लागलं किंवा बराच वेळ लघवीला गेलं नाही, तर बेत तिथेच थांबवून सावली आणि पाणी बघावं.

जून ते सप्टेंबर संग्रहालयांचे आणि विज्ञान केंद्राचे. राष्ट्रीय उद्यान पावसात सुंदर दिसतं, पण ओढ्यात आणि धबधब्यात उतरायचं नाही. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर घराबाहेरच पडू नये. पाणी तुंबून लोकल थांबली की मुलासह चार-पाच तास अडकून पडण्याची वेळ या शहरात अनेकांवर आलेली आहे.

लोकलमध्ये मुलांना नेताना

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयात अर्धं तिकीट. मोबाइलवर तिकीट काढायचं तर घरून निघतानाच काढावं. स्टेशनात शिरल्यावर ते निघेलच असं नाही.

आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळची गर्दी दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळची उत्तरेकडे परतते. शाळेला सुट्टी पण ऑफिसं सुरू, अशा दिवशी दादरकडच्यांनी सकाळी बोरिवलीला जावं, कारण ती उलटी दिशा. फोर्ट-भायखळ्याला येणाऱ्यांनी साडेदहानंतर निघावं आणि साडेचारच्या आत परतीची गाडी धरावी.

गाडी निवडताना जिथे उतरायचं तिथेच संपणारी गाडी बरी. बोरिवलीला उतरायचं असेल तर मुलाला घेऊन विरार फास्ट पकडू नये. आत शिरता येईल, पण बोरिवलीला बाहेर पडता येईलच याची खात्री नाही. परतीलाही हाच नियम. ठाण्याला राहणाऱ्यांनी कसारा-कर्जतपेक्षा ठाणे लोकल बघावी.

चढताना आधी एक मोठा माणूस, मग मूल, मग दुसरा मोठा, असा क्रम ठेवावा. उतरतानाही तोच. आई धाकट्याला घेऊन महिलांच्या डब्यात आणि बाबा थोरल्याला घेऊन पुरुषांच्या, असं विभागून बसायचं असेल तर उतरल्यावर नक्की कुठे भेटायचं हे चढण्याआधी ठरलेलं असावं. 'फोन करू' यावर राहू नये, गर्दीत रिंग ऐकू येत नाही. २०१७ पासून धावणाऱ्या एसी लोकलचं तिकीट महाग आहे, पण मे २०२२ मध्ये तिचे दर जवळपास निम्मे केले गेले. दारं बंद होतात, ही मुलासह प्रवास करताना त्या जादा पैशांची मोठी भरपाई.

खर्च कुठे होतो

चौघांच्या घराचा दिवसाचा खर्च मांडला की एक गोष्ट लक्षात येते. प्रवेशाचं तिकीट हा त्यातला लहान भाग असतो. राणीच्या बागेचे दर २०१७ मध्ये वाढवले तेव्हाही आई-बाबा आणि दोन मुलांचं एकत्र तिकीट १०० रुपये ठेवण्यात आलं. कान्हेरी आणि घारापुरीच्या लेण्यांमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये वाढल्यावर साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये झालं.

पैसे जातात ते बाहेरच्या खाण्यात, बाटलीबंद पाण्यात, आयत्या वेळच्या टॅक्सीत आणि दाराबाहेरच्या खेळण्यांत. पोळीचे रोल, ठेपले, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि माणशी एक पाण्याची बाटली घरून घेतली की यातला मोठा भाग वाचतो. खेळण्याचं आधीच बोलून ठेवावं, 'एकच घ्यायचं, आणि निघताना.' पंधरा वर्षांच्या संसारात ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, अशा गोष्टींत फुग्यांचाही नंबर लागतो.

गर्दीत मूल दिसेनासं झालं तर

सुट्टीच्या दिवशी राणीच्या बागेत, चौपाटीवर किंवा गेटवेला हात सुटायला क्षणही पुरतो. घरातून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढून ठेवावा. घाबरलेल्या आई-बाबांना शर्टाचा रंगही आठवत नाही. दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात आतल्या बाजूला ठेवावी. नाव बाहेर दिसेल असं लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

मुलाला एकच गोष्ट शिकवावी, 'हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब.' शोधायला आई-बाबा येतील. मदत मागायचीच झाली तर गणवेशातल्या माणसाकडे किंवा सोबत मूल असलेल्या बाईकडे. मोठ्यांपैकी एकाने शेवटचं जिथे पाहिलं तिथेच थांबावं आणि दुसऱ्याने आधी बाहेर पडायच्या दाराकडे जावं. स्वतः अर्धा तास शोधून मग सांगण्यापेक्षा सुरक्षा रक्षकाला लगेच सांगावं. पोलिसांसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि रेल्वेत असाल तर १३९ हे नंबर फोनमध्ये असावेत.

आदल्या रात्रीची दहा मिनिटं

शनिवारी जेवणं झाल्यावर एवढं बघितलं की पुरे:

उद्या ते ठिकाण सुरू आहे का आणि तिकीट खिडकी कधी बंद होते.
आपल्या मार्गावर ब्लॉक आहे का.
समुद्राकडे जायचं असेल तर ओहोटी किती वाजता आहे.
पावसाचा किंवा उष्णतेचा इशारा आहे का.
ठिकाण बंद निघालं तर त्याच मार्गावर दुसरं कोणतं.
परतीची गाडी किती वाजता धरायची.

यातली शेवटची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. परतीची वेळ ठरलेली असेल तर मूल थकण्याआधी निघता येतं, आणि हसत घरी आलेलं मूल पुढच्या वेळी स्वतःहून विचारतं.

हे सगळं एवढं जपून का करायचं? केंद्र सरकारच्या २०१४ च्या शहर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. ज्या मुलांना इमारतीखाली पळायला जागा नाही, त्यांच्यासाठी राणीच्या बागेतला वड, कान्हेरीचा खडक आणि ओहोटीची वाळू हेच अंगण आहे. ते लांब आहे, तिथे गर्दी आहे आणि त्याला सुट्टीचा वार आहे. पण ते सगळ्यांचं आहे, आणि अजून बऱ्यापैकी स्वस्त आहे.

फक्त भायखळ्याला जाताना बुधवार टाळायचा.